भावाचा खांदा चौथ्यांदा निखळला, दुर्बिणीतून शिवायचा की लाटार्जे? (समोर पोलीस भरती आहे)

वारणाकाठची_ताई

नमस्कार मंडळी, वाचते रोज पण धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

माझा धाकटा भाऊ, वय १९, गावाकडे वाळवा तालुक्यात असतो, कबड्डी खेळतो, डावा कोपरा. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत साखळी पकड करताना चढाईवाल्याने अंग फिरवून जोरात झटका मारला, ह्याचा उजवा हात साखळीत अडकलेला, तो तसाच मागे ओढला गेला आणि खांदा निखळला. तेव्हा दवाखान्यात बसवला, तीन आठवडे गळ्यात पट्टा, आणि पट्टा सुटला त्या दिवशी संध्याकाळी साहेब मैदानावर. सात महिन्यांनी परत, तेव्हाही खेळतानाच. तिसऱ्यांदा एसटीत वरच्या रॅकवर बॅग ठेवताना. आणि आता मागच्या आठवड्यात चौथ्यांदा, झोपेत! हात उशाला घेऊन झोपला होता, कूस बदलली आणि निखळला. आई सांगते की पहाटे तीनला नुसता कण्हत बसला होता अंथरुणावर, डावा हात उजव्याला धरून, कुणाला उठवलं पण नाही.

दोन डॉक्टरांना दाखवलं. सांगलीतल्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं की खांद्याच्या वाटीच्या (ज्यात दंडाच्या हाडाचा गोल चेंडू बसतो) कडेची गादी फाटलीय, दुर्बिणीतून शिवून टाकू, दोन छिद्रं फक्त, दुसऱ्या दिवशी घरी. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तोच एमआरआय उजेडात धरला आणि म्हणाले हाड झिजलेलं वाटतंय, नुसतं शिवून टिकणार नाही, लाटार्जे नावाचं ऑपरेशन करावं लागेल, म्हणजे खांद्याचंच एक हाड कापून वाटीला स्क्रूने बसवायचं. आईने तिथेच डोळ्याला पदर लावला. तिचं म्हणणं, चांगलं हाड कापून मोडक्या जागी लावायचं हे कुठलं शहाणपण.

त्यात तो पोलीस भरतीची तयारी करतोय. गोळाफेकीला १५ मार्क, गोळा ७.२६० किलोचा, आणि हात उजवा. तो म्हणतो आधी भरती देतो मग ऑपरेशन. मी पुण्यात नोकरीला, मला रोज रात्री फोन, अक्का तू आईला समजाव आणि आईचा फोन, तू त्याला समजाव. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा, कुठलं ऑपरेशन, किती दिवस घरी बसावं लागतं, आणि नंतर खरंच नीट होतं का?

पोटदुखी_स्पेशालिस्ट

ताई, सीटी स्कॅन झालाय का? एमआरआयमध्ये गादी आणि लिगामेंट छान दिसतात पण हाड किती गेलंय ते नीट मोजायला सीटी लागतो, तो पण थ्रीडी, ज्यात हाताचं हाड कॉम्प्युटरवर बाजूला काढून नुसती वाटी समोरून बघता येते. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत कारण दोघंही अंदाजाने बोलतायत. सीटी काढा, भांडण आपोआप मिटेल.

वारणाकाठची_ताई

नाही काढला. कोल्हापूरवाल्यांनी लिहून दिलाय पण ह्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पँट धुवायला गेली.

रविवारचा_बॉलर

ताई, माझा अनुभव लिहितो, लांब होईल, चहा घेऊन बसा. मी दोन्ही ऑपरेशनं करून बसलोय. आधी दुर्बिणीतलं, मग लाटार्जे. आणि दुसरं करावं लागलं त्यात डॉक्टरांचा दोष शून्य, माझा शंभर टक्के.

माझा पण उजवाच. बाऊंड्रीवर डाईव्ह मारली, हात पुढे राहिला आणि मी त्याच्यावरून गेलो. दोन वर्षांत तीनदा निखळला. दुर्बिणीतून बँकार्ट, म्हणजे फाटलेली कड शिवायचं ऑपरेशन केलं, चार अँकर लागले. अँकर म्हणजे हाडात ठोकायच्या बारीक खुंट्या, त्यांना दोरा असतो, त्या दोऱ्याने फाटलेली कड परत वाटीला बांधतात. नंतर काढायला लागत नाहीत, आतच राहतात. बिलात सगळ्यात लठ्ठ ओळ त्यांचीच असते, कॅशलेस करणार असाल तर त्याला आधीच मंजुरी आहे का ते विचारून ठेवा, माझ्याकडून डिस्चार्जच्या दिवशी फरक मागितला आणि बायको एटीएम शोधत फिरली.

ऑपरेशनचं काही वाटत नाही हो, झोपवतात, उठलं की झालेलं असतं. मानेच्या बाजूला एक इंजेक्शन देतात नस बधिर करायचं, त्यामुळे अख्खा हात लाकडासारखा होतो. मला तर हात आहे की नाही तेच कळेना, डाव्या हाताने चाचपून बघितला तर कुणा दुसऱ्याचा हात माझ्या छातीवर ठेवलाय असं वाटलं. एका बाजूची पापणी जड, आवाज घोगरा, घाबरू नका, उतरतं ते. खांदा पाण्याने टम्म फुगलेला असतो कारण दुर्बीण चालवायला आत पाणी सोडतात, ते पण दोन दिवसांत बसतं. पण बधिरपणा उतरतो बहुतेक रात्री दोन-तीनला, आणि तेव्हा कळतं. म्हणून गोळी दुखायला लागल्यावर नाही, हाताला मुंग्या यायला लागल्या की लगेच घ्या. नर्सने मला हे सांगितलं होतं, मी म्हटलं बघू, आणि मग सकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसलो.

मग सहा आठवडे पट्टा. ह्यात सगळ्यात वाईट म्हणजे झोप. आडवं झोपता येत नाही, मी पाच आठवडे तीन उशा आणि एक लोड लावून अर्धवट बसून झोपलो. मी रेक्लायनर वगैरे घेतले नाहीत, आजोबांची आरामखुर्ची काढली माळ्यावरून, ती बेस्ट.

आता माझा शहाणपणा ऐका. साधारण अकरावा आठवडा. दुखणं गेलेलं, हात वर जात होता, मला वाटलं झालं काम. फिजिओचा नंबर मी उचलायचोच बंद केलं होतं. पार्किंगमध्ये स्कूटर डबल स्टँडला लावायला गेलो, ती कलंडायला लागली आणि मी उजव्या हाताने हँडल धरून तिला खेचली. आत कापड फाटल्यासारखा आवाज आला, मलाच आला, बाजूच्या वॉचमनला आला नाही. खांदा पूर्ण निखळला नाही तेव्हा पण टाके गेले. त्यानंतर वर्षभरात दोनदा निखळला, वाटीचं हाड आणखी झिजलं आणि मग लाटार्जे.

लाटार्जेनंतर आता चौथं वर्ष. एकदाही निखळला नाही. हात कोपरात वाकवून बाहेर फिरवायचा ना, जसं दार ढकलताना, ते डाव्यापेक्षा थोडं कमी जातं. बॉलिंग बंद केली, म्हणजे आधी पण काही विशेष नव्हती. पोहतो, मुलीला उचलतो, एसटीच्या रॅकवर बॅग ठेवतो. भावाला सांगा, भरती आधी आणि ऑपरेशन नंतर हा हिशेब डोक्यातून काढ. दर वेळी निखळताना चेंडू वाटीची कड घासून बाहेर जातो, घासून आत येतो. आज जे दोन छिद्रांत होईल ते सहा महिन्यांनी होईलच असं नाही.

टवाळखोर_नंबर_दोन

डबल स्टँडला लावताना खांदा गेला म्हणजे स्कूटर पण जुनी आणि मालक पण.

रविवारचा_बॉलर

@टवाळखोर, स्कूटर विकली. मालक गिऱ्हाईक शोधतोय.

तालमीतला_आण्णा

पोरी, एवढं काय घाबरायचं. आमच्या तालमीत आठवड्याला एक खांदा उतरायचा. वस्ताद पोराला जमिनीवर उताणा पाडायचे, काखेत टाच द्यायची आणि हात धरून सावकाश ओढायचा, कट्ट करून बसायचा. वर हळद तुरटीचा लेप, एरंडाचं पान, पंधरा दिवस दूध-तूप. माझा स्वतःचा दोनदा बसवलाय वस्तादांनी, आज ६४ वर्षांचा आहे, एका हाताने पाण्याची कळशी उचलतो. हे स्क्रू न् बिक्रू सगळं पैसे काढायचे धंदे.

जुनी_पानं

आण्णा, तुमच्या वस्तादांची ती टाच फार जुनी आहे बरं, काखेत टाच देऊन खांदा बसवायची पद्धत ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर सांगतात, म्हणजे जवळजवळ २४०० वर्षं झाली. आणि गंमत अशी की खांदा बसवला तरी परत परत निखळतो हे त्यांनाही माहीत होतं. त्यावर त्यांचा उपाय काय, तर काखेत लालभडक सळईने डागायचं, म्हणजे जखम भरताना आतली जागा आवळून येईल आणि चेंडू तिकडून सरकणार नाही. आपल्याकडे गावात डाग देतात ना तसंच. म्हणजे कल्पना तीच, सैल झालेली जागा आवळायची, फक्त आज सळईऐवजी दुर्बीण आणि दोरा आहे.

नेमकं काय फाटतं ते मात्र खूप उशिरा नीट मांडलं गेलं. लंडनच्या बँकार्ट नावाच्या सर्जनने १९२३ मध्ये लिहिलं की वाटीच्या पुढच्या कडेवरून गादी सुटते, हाच खरा दोष, आणि ती परत हाडाला लावली पाहिजे. ते हाड बसवायचं ऑपरेशन फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या लाटार्जे यांनी १९५४ ला मांडलं. दोन्ही नावं माणसांची आहेत, आईंना सांगा, उगाच काहीतरी अघोरी प्रकार वाटतो नावाने.

फिजिओ_मावशी

आण्णांना आधी उत्तर देते. आण्णा, तुमचा खांदा टिकला ह्याचा आनंद आहे. पण तालमीतल्या ज्यांचा टिकला नाही ते कुस्ती सोडून गेले, ते तुम्हाला आज इथे लिहायला भेटणार नाहीत. लेपाने मुका मार बरा वाटतो, फाटलेली कड लेपाने चिकटत नाही. आणि ओढून बसवण्यात धोका असा की आत हाडाचा तुकडा उडालेला असला तर एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि काखेतून जी नस खांद्याला जाते ती ताणली गेली तर हात वर उचलणारा स्नायूच ढिला पडतो. ताई, एक काम करा, भावाच्या दंडाच्या वरच्या भागावर बाहेरून, जिथे पोलिसांच्या बाहीवर बिल्ला असतो ना तिथे, दोन्ही बाजूला बोटाने हलकं फिरवून विचारा, सारखंच लागतंय का. उजवीकडे बधिर वाटत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता मुद्द्याचं. मी गेली बरीच वर्षं खांदेच खांदे बघतेय. तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त टोचलं ते "झोपेत". पहिल्या वेळी केवढा झटका लागला होता आणि चौथ्या वेळी नुसती कूस बदलली. इतक्या कमी जोरात निखळायला लागला की हाड झिजल्याची शंका घ्यायचीच. वाटी मुळात उथळ असते, चहाच्या बशीत लिंबू ठेवल्यासारखं समजा. गादी म्हणजे त्या बशीची उचललेली कड. कड सुटली तर परत शिवता येते, पण बशीचाच पुढचा टवका गेला असेल तर शिवायचं कशाला? कुठे? म्हणून तिथे हाड लावावं लागतं.

आईंच्या प्रश्नाला उत्तर हे. जे हाड कापतात ते खांद्याच्या पुढे कावळ्याच्या चोचीसारखं एक टोक असतं, त्याला दंडाचे दोन स्नायू चिकटलेले असतात. ते टोक स्नायूंसकट सुटं करून वाटीच्या पुढच्या कडेला दोन स्क्रूने बसवतात. म्हणजे बशीचा टवका भरला, आणि वर ते स्नायू हात वर-बाहेर नेला की चेंडूच्या समोर पट्ट्यासारखे ताणून उभे राहतात. नुसता विटेचा तुकडा नाही लावत, राखणदारासकट लावतात. धोके नाहीत असं नाही, नस जवळून जाते, हाड कधी कधी जुळत नाही, स्क्रू त्रास देतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून हे ऑपरेशन जो नेहमी करतो त्याच्याकडेच करा, "तुम्ही आत्तापर्यंत किती केलीत" हा प्रश्न तोंडावर विचारायला लाजू नका.

आकडा म्हणाल तर, वाटीचं हाड २० ते २५ टक्क्यांच्या वर गेलं असेल तर नुसतं शिवू नका ह्यावर फारसा वाद नाही. १३-१४ टक्क्यांपासून तिथपर्यंतचा जो पट्टा आहे तो वादाचा, तिथे पोरगा काय खेळतो, वय काय, दंडाच्या चेंडूला मागून खड्डा किती पडलाय हे सगळं बघतात. तो खड्डा मोठा असला तर कधी कधी दुर्बिणीतूनच मागचा स्नायू त्या खड्ड्यात शिवून टाकतात, ते वेगळं.

डॉक्टर लोक एक गुणांकन वापरतात, २००७ मध्ये आलेलं, दहापैकी. ऑपरेशनच्या वेळी वय २० किंवा कमी, २ गुण. स्पर्धेत खेळतो, २. अंगाला अंग भिडणारा खेळ, १. इथेच तुमच्या भावाचे ५ झाले, अजून आपण एक्स-रे बघितलाच नाही. सांधे मुळातच सैल असले तर १. साध्या एक्स-रेत चेंडूचा खड्डा दिसला तर २, वाटीची कड पुसट दिसली तर २. ज्यांनी हे काढलं त्यांच्या पेशंटांमध्ये सहाच्या वर गुण असलेल्यांना नुसतं शिवल्यावर दहातल्या सात जणांचा खांदा परत निखळला होता. हा एकच आकडा देव मानू नका, सीटी त्याहून जास्त सांगतो, पण कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या डोक्यात हाच हिशेब चालला असणार.

वारणाकाठची_ताई

मावशी, बशीतलं लिंबू आईला फोनवर सांगितलं, तिने खरंच बशी आणि लिंबू घेऊन करून बघितलं. थँक्यू. बिल्ल्याच्या जागेवर दोन्हीकडे सारखंच लागतंय म्हणाला.

सैल सांधे म्हणजे कसे ओळखायचे?

रबरबँड

हे मी सांगते कारण मी तशीच आहे. अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का? करंगळी मागे ९० च्या पुढे जाते का? कोपर आणि गुडघे सरळ केल्यावर उलटे वाकतात का? गुडघे न वाकवता तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का? पहिल्या चार गोष्टी दोन्ही बाजूंच्या धरून आठ आणि तळव्यांचा एक, नऊपैकी मोजतात. माझे नऊच्या नऊ. शाळेत ह्याच्यावर टाळ्या मिळायच्या.

माझे दोन्ही खांदे पुढे, मागे, खाली, कुठेही सरकतात, कुठलाही मार न लागता. ओढणी नीट करताना सुद्धा. मी तर ऑपरेशन करा म्हणून मागे लागले होते आणि डॉक्टरांनी चक्क नाही म्हटलं. म्हणाले तुझी कड फाटलेलीच नाही, सांध्याभोवतीची पिशवीच सैल आहे, आवळली तरी तुझ्या कातडीसारखी परत ताणली जाणार. आठ महिने रबरच्या पट्ट्या ओढल्या, पाठीचं फावडं (खांद्यामागचं चपटं हाड) कसं धरून ठेवायचं ते शिकले, भिंतीवर हात टेकून केलेले ते कंटाळवाणे प्रकार. पूर्ण बरं नाही, पण रोज सरकायचा तो आता महिनोन् महिने सरकत नाही. तुमच्या भावाचं वेगळं आहे, त्याला मार लागून झालंय, तरी सैलपणा तपासून घ्या.

नेहाची_आई

माझ्या मुलीची गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकते, १५ वर्षांची आहे, दोनदा झालं, खो-खो खेळते. तिला पण असंच हाड लावतात का?

फिजिओ_मावशी

नाही हो, तिथे वाटीला आतून धरणारं लिगामेंट नवीन करतात, बहुतेक मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून. पण आधी पायाची ठेवण बघावी लागते आणि वाढीचं वय आहे. नवीन धागा काढा, इथे ताईंचं राहून जाईल.

खाकी_वर्दी

मी खात्यात आहे, भरतीचं बोलतो. मैदानी परीक्षा ५० मार्कांची, १६०० मीटर २०, १०० मीटर १५, गोळा १५. ग्राउंडला गोळा टाकताना खांदा उतरला तर फक्त ते १५ नाही गेले, पोरगं तिथंच बसतं, बाकीचं पण हातचं जातं. आणि वर मेडिकल असतंच. वय बघा ना त्याचं, १९! खुल्या गटाला २८ पर्यंत मुभा आहे. एक भरती गेली तर काय आभाळ कोसळत नाही, आम्ही तिसऱ्या वेळी लागलो.

एक बारीक गोष्ट. गोळा हा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. मानेला लावून कोपर मागे आणि तिथून पुढे रेटायचा. बॉलरसारखा हात डोक्यामागे जात नाही. त्यामुळे हात थोडा कमी फिरला तरी गोळ्याला फारसं अडू नये, हे मी अनुभवाने बोलतोय, डॉक्टरकीने नाही. क्रिकेटच्या बॉलसारखा टाकायची सवय असेल तर ती आधी मोडा, अर्धी पोरं तिथंच खांदा धरतात.

फिजिओ_मावशी

खाकी साहेब बरोबर बोलले, हात वर-बाहेर आणि मागे, ही जी आशीर्वादाची पोझ आहे तीच निखळायची पोझ.

बरं, ताई, दिवसांचा हिशेब राहिला. प्रत्येक सर्जनचं थोडं वेगळं असतं पण साधारण असं. पट्टा चार ते सहा आठवडे. पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवायचं, नाहीतर कोपर आखडून बसतं आणि मग त्याचं वेगळं रडगाणं. नंतर पुढे वाकून हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, दुसऱ्या हाताच्या आधाराने वर न्यायचा. सहा आठवड्यांनी स्वतःच्या ताकदीने. तीन महिन्यांच्या आसपास रबर पट्टी, हलकी वजनं, आणि लाटार्जे असेल तर साधारण तेव्हाच हाड जुळलंय का ते बघायला एक्स-रे किंवा सीटी. पळणं त्याच्या आधी सुरू करता येतं, म्हणजे १६०० ची तयारी पूर्ण बुडत नाही. कबड्डी, गोळा, दंड-बैठकातले दंड, सहा महिन्यांच्या आत नाही. सहा महिने झाले म्हणून पण नाही, दोन्ही हातांची ताकद मोजून, जवळपास सारखी आली तरच.

माझ्याकडे येणारी पोरं तिसऱ्या महिन्यात बिघडतात. दुखणं गेलेलं असतं, टाके दिसेनासे झालेले असतात, आई म्हणते आता बरा झाला, मित्र म्हणतात ये नुसता उभा राहा कोपऱ्यात. आतलं अजून कच्चं असतं. स्कूटरवाले दादा वर लिहूनच गेलेत. पट्टा तीन महिने असता तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं, निदान लोकांना दिसतं तरी.

वारणाकाठची_ताई (सोळा दिवसांनी)

अपडेट देते. सीटी झाला. वाटीचं हाड २२ टक्के गेलंय, आणि चेंडूला मागून खड्डा आहेच. रिपोर्ट घेऊन परत सांगलीच्या डॉक्टरांकडे पण गेलो, मला वाटलं रागावतील, तर त्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, हे मी करणार नाही, कोल्हापूरला करा, त्यांचं बरोबर आहे. मला त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला.

जन आरोग्य योजनेचं विचारलं, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात त्यांनी रेशनकार्ड आणि आधार आणायला सांगितलंय, पॅकेजमध्ये बसतं का ते कळवतील. नाही बसलं तर माझ्या कंपनीच्या पॉलिसीत भाऊ येत नाही, त्यामुळे एफडी मोडेन, ते बघू.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. मग खाकी साहेबांची पोस्ट त्याला पाठवली, तिसऱ्या वेळी लागलो वाली. रात्री उशिरा मेसेज आला, "तारीख घे". नुसता तेवढाच. आण्णा, आईने तुमचं पण ऐकलं, दूध-तूप सुरू आहे.

आता व्यवहारातलं विचारते, पट्टा असताना आंघोळ, कपडे, जेवण हे कसं केलं? तो उजवा आहे सगळ्यालाच. लाजतोय, मला विचारत नाही, पण आईला विचारायला लावतो.

रविवारचा_बॉलर

ताई, हे आधीच करून ठेवा. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस सगळं डाव्या हाताने करायची सवय लावा. जेवण, दात घासणं, आणि संडासचं पण, तेच सगळ्यात अवघड जातं आणि ते कुणी सांगत नाही. घरात हँड शॉवर नसेल तर बसवून घ्या.

टी-शर्ट सगळे कपाटात. पुढून बटणं असलेले, दोन साईझ मोठे शर्ट. घालताना आधी ऑपरेशनचा हात, काढताना तो शेवटी. नाडीची पँट नको, इलास्टिक. ताटात भाकरी असेल तर आईंना कुस्करून द्यायला सांगा, एका हाताने भाकरी तुटत नाही, मी पहिल्या दिवशी ताटासकट खाली पाडली. चमच्याने आमटी-भात, आठवड्यात जमतं.

फिजिओ_मावशी

आणि काख. पट्ट्यात हात अंगाला चिकटून राहतो, घाम साठतो, कातडी सोलवटते, टाक्यांच्या जवळ ते नको. जखम कोरडी झाली आणि डॉक्टर हो म्हणाले की पट्टा सोडून, कमरेत पुढे वाकायचं, हात आपोआप खाली लोंबतो, काख उघडते. हात उचलायचा नाही, फक्त वाकायचं. ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून, सुती रुमालाची घडी काखेत ठेवून परत पट्टा. आई पाठीमागे उभ्या राहू देत, पहिल्यांदा वाकल्यावर चक्कर येते.

वारणाकाठची_ताई

हे सगळं वहीत उतरवून काढलं. तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय. आज डाव्या हाताने जेवला, अर्धं शर्टावर.